एकोणिसाव्या कलमात नसलेला शब्द

राज्यघटनेची प्रत मी पहिल्यांदा उघडली, ती १९व्या कलमात ‘वृत्तपत्र’ हा शब्द शोधण्यासाठी. तो तिथे नाही. आहे ते भाषणाचे आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, तेही सर्व नागरिकांना. मग वृत्तपत्रांना घटनेचे संरक्षण आहे, असे आपण म्हणतो ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीतच निघाला होता. के. टी. शहा यांच्यासारख्या सदस्यांनी वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख मागितला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्याची गरज वाटली नाही. संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच, तेव्हा नागरिकाचा हक्क तोच त्याचाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मसुद्यात या स्वातंत्र्याला मर्यादा घालणाऱ्या कारणांत ‘राजद्रोह’ हा शब्द होता. ‘केसरी’तील लिखाणासाठी लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ती याच आरोपाखाली. कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीमुळे तो शब्द वगळला गेला. दंडसंहितेतले कलम मात्र तसेच राहिले.

घटना अमलात येऊन पाच आठवडे होतात न होतात, तोच कसोटीची वेळ आली. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या विचारांच्या इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास सरकारने १ मार्च १९५० रोजी आपल्या राज्यात बंदी घातली. संपादक रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे रोजी पाच विरुद्ध एक अशा बहुमताने बंदी रद्द झाली. अंक वाचकापर्यंत पोचूच दिला नाही, तर तो छापण्याच्या स्वातंत्र्याला अर्थ काय, हा न्या. पतंजली शास्त्री यांच्या निकालाचा गाभा. त्याच दिवशी दिल्लीतील ‘ऑर्गनायझर’ या संघविचारांच्या साप्ताहिकावरील पूर्वतपासणीचा आदेशही न्यायालयाने रद्द केला.

सरकारला हे मानवले नाही. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, गुन्ह्याला चिथावणी ही निर्बंधांची नवी कारणे आली. पण निर्बंध ‘वाजवी’ असावेत, अशी अटही तिथेच आली. ते वाजवी आहेत की नाहीत, हे न्यायालय तपासू शकते.

हे सारे वाचल्यावर त्या शब्दाची उणीव मला तितकीशी जाणवत नाही. वृत्तपत्राचा हक्क हा नागरिकाचाच हक्क असेल, तर बंदी ही एकट्या संपादकाची अडचण राहत नाही. ते साप्ताहिक आपल्याला आवडो वा न आवडो.