वसई विजय दिन

वसईचा किल्ला १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, त्याची आठवण म्हणून पाळला जाणारा दिवस. नावात विजय असला तरी या दिवसाचे खरे मानकरी वेढ्यात कामी आलेले शिपाई आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कुठेही कोरलेली नाहीत.

मोहीम दोन वर्षे चालली. १७३७ मध्ये ठाणे व अर्नाळा, तर १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे, तारापूर हाती आले. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर तारापूरच्या लढाईतच पडले. वसईला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, त्यामुळे हल्ल्याला जागा उत्तरेच्या तटाचीच. मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांच्या सैन्याने तिथे खंदक व सुरुंग खणले. मे महिन्याच्या आरंभी सुरुंग उडाले, पण सारे एका वेळी नव्हेत. मागाहून उडालेल्या सुरुंगांनी भगदाडात घुसलेल्या मराठ्यांचेच बळी घेतले. मराठ्यांच्या हानीचे अंदाज ५ हजारांपासून १२ हजारांपर्यंत जातात.

१६ मे रोजी तह झाला. पोर्तुगीजांना कुटुंबे व मालमत्तेसह सन्मानाने जाऊ दिले गेले आणि २३ मे रोजी किल्ला रिकामा झाला. जुन्या पुस्तकांत किल्ला रिकामा झाल्याची तारीख १२ मे आढळते. ती इंग्रजी गणनेची आहे, कारण मुंबईकर इंग्रज तेव्हा जुनेच कॅलेंडर वापरत आणि त्यात अकरा दिवसांचा फरक पडे.

विजयाची खूण म्हणून वसईतील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता, अशी परंपरा आहे. तिच्या देवळापासून किल्ल्यापर्यंत मशाल नेण्याची प्रथा त्याच श्रद्धेतून आली. किल्ल्यातील अप्पांच्या पुतळ्याला पुष्पहार घालतात. वसई-विरार महापालिकेचा विजयोत्सव आणि दुर्गप्रेमींचे कार्यक्रमही मे महिन्यातच होतात.

या सोहळ्यात सरदारांचा जयजयकार पुष्कळ होतो. उत्तर तटाखाली गाडल्या गेलेल्या साध्या शिपायासाठी मात्र वेगळा विधी रूढ झालेला नाही, आणि ही उणीव मोठी आहे. बळी दुसऱ्या बाजूलाही गेले; पोर्तुगीजांचा सेनापती मार्टिम दा सिल्व्हेराही याच वेढ्यात मारला गेला. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत जुन्या पोर्तुगीज कबरींचे कोरीव दगड अजून शाबूत आहेत.