क्लिओपात्रा (चित्रपट)

ईजिप्तची राणी सातवी क्लिओपात्रा (इ.स.पू. ६९–३०) हिच्या जीवनावरील अमेरिकन भव्यपट. निर्मिती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स; दिग्दर्शक जोसेफ मँकीविच. एलिझाबेथ टेलर (क्लिओपात्रा), रेक्स हॅरिसन (सीझर) व रिचर्ड बर्टन (अँटनी) यांच्या प्रमुख भूमिका. १२ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रथम प्रदर्शित.

कथानक इ.स.पू. ४८ मध्ये सीझर ईजिप्तला येतो तेथून सुरू होते आणि अँटनी व क्लिओपात्रा यांच्या आत्महत्यांपाशी संपते. पूर्वार्ध सीझरचा, तर उत्तरार्ध अँटनीचा आहे.

चित्रीकरण १९६० मध्ये रूबेन मामूलियन यांच्या दिग्दर्शनाखाली इंग्लंडमध्ये सुरू झाले. तेथील थंड, पावसाळी हवा आणि टेलर यांचे गंभीर आजारपण यांमुळे ते रखडले. पुढे दिग्दर्शक व दोन्ही नायक बदलले. इंग्लंडमधील नेपथ्य टाकून देऊन १९६१ मध्ये रोमजवळ सगळे नव्याने उभारावे लागले. सुरुवातीला सुमारे २० लाख डॉलरचा असलेला निर्मितिखर्च ३ कोटी डॉलरच्या वर गेला. एकट्या टेलर यांचे करारातील मानधन १० लाख डॉलर होते. याच काळात टेलर व बर्टन यांचे प्रेमप्रकरण जगभर गाजले. व्हॅटिकनच्या साप्ताहिकानेही त्यावर टीका केली.

मँकीविच यांना सीझर आणि अँटनी यांच्यावर प्रत्येकी तीन तासांचे दोन चित्रपट हवे होते. कंपनीचे प्रमुख डॅरिल झॅनक यांनी ते नाकारले व एकच, सुमारे चार तासांचा चित्रपट प्रदर्शित झाला. पुढे त्यालाही कात्री लागली. या काटछाटीची सर्वाधिक झळ अँटनीच्या व्यक्तिरेखेला बसली. त्याची घसरण दिसते, पण तिच्यामागची मनाची ओढाताण पुरेशी उलगडत नाही.

समीक्षकांत दोन तट पडले. क्लिओपात्राचा रोममधील प्रवेश, नेपथ्य व हॅरिसन यांचा अभिनय यांची प्रशंसा झाली. लांबण आणि टेलर यांचा अभिनय यांवर टीका झाली. नऊ ऑस्कर नामांकनांपैकी छायाचित्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा व विशेष दृश्य परिणाम हे चार पुरस्कार मिळाले. चारही पुरस्कार दृश्यवैभवाचे आहेत. पटकथा किंवा दिग्दर्शनाला नामांकनही मिळाले नाही.

अमेरिकेत हा त्या वर्षीचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला, तरी अवाढव्य खर्च तिकीटविक्रीतून भरून निघाला नाही. १९६६ मध्ये दूरचित्रवाणीचे हक्क विकल्यावरच तोटा भरून आला. निर्मितीच्या काळातच कंपनी डबघाईला आली होती, म्हणून हॉलिवुडच्या इतिहासात बेसुमार खर्चाचे उदाहरण देताना याच चित्रपटाचे नाव प्रथम घेतले जाते. पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर, २०१३ मध्ये, त्याची पुनरुज्जीवित प्रत कान महोत्सवात दाखवण्यात आली.