एकाला घोडा, एकीला खाट

थ्रेड : जुलै १८६०. अमेरिकेत अकरा दिवसांच्या अंतराने दोन मुले जन्मली. पंचविशीच्या आसपास दोघांचीही मने खचली, आणि दोघेही एकाच डॉक्टरपुढे गेले. त्याचे नाव सायलस वेअर मिचेल, राहणार फिलाडेल्फिया.

पहिला ओवेन विस्टर. त्याला संगीतकार व्हायचे होते. वडिलांच्या इच्छेखातर तो बोस्टनमध्ये कारकुनी करू लागला आणि प्रकृती ढासळली. १८८५ मध्ये मिचेलने त्याला वायोमिंगच्या कुरणांवर धाडले. घोडेस्वारी, शिकार, मोकळी हवा. विस्टर सावरला, पुन्हापुन्हा तिकडे गेला, आणि १९०२ मध्ये त्याने ‘द व्हर्जिनियन’ ही काउबॉयची गाजलेली कादंबरी लिहिली.

दुसरी शार्लट पर्किन्स, पुढे गिलमन या नावाने प्रसिद्ध झालेली लेखिका. लग्नाआधी प्रॉव्हिडन्समध्ये ती स्त्रियांच्या व्यायामशाळेत नियमाने जाई आणि आपल्या ताकदीचा तिला अभिमान होता. १८८५ मध्ये मुलगी झाली आणि खोल उदासीने तिला घेरले. कॅलिफोर्नियाच्या प्रवासात ती उदासी सरली. घरी परतताच पुन्हा आली. १८८७ मध्ये ती मिचेलकडे गेली.

तिला मिळाली ‘विश्रांती-चिकित्सा’. या उपचारात रुग्णाला सहा ते आठ आठवडे खाटेवर ठेवीत. भरपूर दूध, माणसांपासून दुरावा. वाचणे, लिहिणे, शिवणकाम, सारे बंद. पडून पडून स्नायू झिजतात हे मिचेलला ठाऊक होते. यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करून नाव कमावलेला तो मज्जातज्ज्ञ होता. म्हणून मालिश आणि विजेचे झटके यांची योजना असे. म्हणजे व्यायाम होताच, पण तो रुग्णाने करायचा नव्हता. तिच्यावर केला जायचा!

घरी पाठवताना शार्लटला आज्ञा झाली की संसारात रमावे, बौद्धिक काम दिवसाला दोनच तास करावे, लेखणी वा कुंचला जन्मात हाती धरू नये. सुमारे तीन महिने तिने ती पाळली आणि वेडाच्या काठावर पोहोचली. मग आज्ञा झुगारून ती कामाला लागली. १८९२ मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली.

मिचेलला सरसकट खलनायक ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. तंबूतल्या मोकळ्या जीवनाचे गुण त्यानेच लिहून ठेवले आहेत. औषध त्याच्या हाती होते. ते कोणाला द्यायचे, हे मात्र त्या काळच्या स्त्री-पुरुषविषयक समजुतींनी ठरवले.

मोजमाप पुष्कळ उशिरा झाले. १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठाने पन्नाशीपुढील १५६ नैराश्यग्रस्तांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून तीनदा व्यायाम करणारे आणि गोळी घेणारे १६ आठवड्यांनी जवळजवळ बरोबरीत आले. गोळीचा गुण आधी दिसला, इतकेच. २००७ च्या प्रयोगात २०२ रुग्णांपैकी काहींना औषधविरहित गोळीही दिली होती. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के, औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि या नुसत्या गोळीवरचे ३१ टक्के नैराश्यातून बाहेर आले.

शार्लटने आपली कथा मिचेलला पाठवली होती. उत्तर आले नाही. पुढे १९१३ मध्ये तिने लिहिले की कथा वाचून त्याने उपचारपद्धती बदलल्याचे आपल्या कानी आले आहे. मिचेलच्या लेखनात अभ्यासकांना तसा पुरावा सापडलेला नाही.