इंग्लंडमधील फ्रीमेसनांचे धर्मादाय कार्य

इंग्लंडमधील फ्रीमेसन या भ्रातृसंघाने आपले सभासद, त्यांचे कुटुंबीय आणि व्यापक समाज यांच्यासाठी अठराव्या शतकापासून चालविलेल्या मदतकार्याचा या लेखात आढावा घेतला आहे. शाळा, वृद्धाश्रम, रुग्णालय, निवृत्तिवेतन आणि अनुदाने ही या कार्याची प्रमुख रूपे होत. २०१६ पासून ते मुख्यत्वे मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन या संस्थेमार्फत चालते.

पार्श्वभूमी

लंडन येथील पहिल्या ग्रँड लॉजची स्थापना परंपरेनुसार १७१७ मध्ये झाली. बंधुप्रेम, साहाय्य आणि सत्य ही फ्रीमेसनरीची तीन तत्त्वे मानली जातात. दीक्षाविधीच्या वेळी उमेदवाराजवळील पैसे व धातूच्या वस्तू आधीच काढून घेतलेल्या असतात आणि त्याच अवस्थेत त्याच्याकडे दान मागितले जाते. देण्यासारखे काहीच जवळ नसण्याचा हा अनुभव पुढे गरजू सभासद भेटल्यास आठवावा, असा त्यामागील हेतू आहे. १७२० च्या दशकात अडचणीतील सभासदांसाठी सामाईक निधी आणि त्याची व्यवस्था पाहणारी समिती अस्तित्वात आली. त्या काळी विमा किंवा शासकीय निवृत्तिवेतन यांचा आधार नसल्याने कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर मध्यमवर्गीय कुटुंबही निराधार होत असे.

प्रमुख संस्था

मूळचे इटालियन असलेले दंतवैद्य बार्थोलोम्यू रुस्पिनी यांच्या पुढाकाराने १७८८ मध्ये दिवंगत वा विपन्न सभासदांच्या मुलींसाठी शाळा स्थापन झाली. डचेस ऑफ कंबरलँड या तिच्या आश्रयदात्या होत्या. पुढे रॉयल मेसॉनिक स्कूल फॉर गर्ल्स या नावाने प्रसिद्ध झालेली ही शाळा १९३४ मध्ये रिक्मन्सवर्थ येथे हलविण्यात आली. कालांतराने तेथे फ्रीमेसन कुटुंबांबाहेरील विद्यार्थिनींनाही प्रवेश मिळू लागला. मुलांसाठीचा निधी १७९८ मध्ये सुरू झाला. त्यातून उभी राहिलेली शाळा १९०३ पासून बुशी येथे होती. ती १९७७ मध्ये बंद झाली.

वृद्ध सभासदांसाठी १८४२ पासून आणि विधवांसाठी १८४९ पासून वार्षिक निर्वाहवेतनाची सोय करण्यात आली. १८५० मध्ये क्रॉयडन येथे वृद्धांसाठी निवासस्थान सुरू झाले. या दोन उपक्रमांतून रॉयल मेसॉनिक बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन ही संस्था आकारास आली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या फुलहॅम रोडवर फ्रीमेसनांनी जखमी सैनिकांसाठी रुग्णालय चालविले. त्यातूनच पुढे रेव्हन्सकोर्ट पार्क येथील रॉयल मेसॉनिक हॉस्पिटल उभे राहिले. १९३३ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. आधुनिक वास्तुरचनेसाठी नावाजलेले हे रुग्णालय १९९६ मध्ये बंद पडले.

कायदेशीर स्थान

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर गुप्त संघटनांविषयी वाढलेल्या संशयामुळे ब्रिटिश संसदेने १७९९ मध्ये बेकायदेशीर संस्थांविषयीचा कायदा केला. फ्रीमेसनांच्या सभा बऱ्याच अंशी धर्मादाय हेतूंसाठी असतात, असे नमूद करून या कायद्याने त्यांच्या लॉजना सूट दिली. त्यासाठी सभासदांची यादी दरवर्षी सरकारी अधिकाऱ्याकडे देण्याची अट होती. अशा प्रकारे दानधर्म हा संघटनेच्या अस्तित्वाचाही आधार ठरला.

मात्र १९५७ मध्ये युनायटेड ग्रँड लॉज विरुद्ध होबर्न बरो कौन्सिल या स्थानिक करविषयक खटल्यात न्यायालयाने वेगळी बाजू स्पष्ट केली. ग्रँड लॉजची प्रमुख उद्दिष्टे धर्मादाय किंवा धर्मप्रसाराची आहेत, हा दावा न्यायालयाने मान्य केला नाही. त्यामुळे भ्रातृसंघ आणि त्याने चालविलेल्या धर्मादाय संस्था यांत कायद्याच्या दृष्टीने फरक करावा लागतो.

निधी आणि लाभार्थी

लॉजच्या बैठकांतील वर्गणी, सभासदांच्या देणग्या आणि विशिष्ट संस्थेसाठी योजलेले मेजवानी समारंभ हे निधी उभारण्याचे पारंपरिक मार्ग आहेत. प्रत्येक लॉजमध्ये आजारी सभासद आणि विधवा यांची विचारपूस करण्यासाठी आल्मनर, तर निधीसंकलनासाठी चॅरिटी स्टुअर्ड हा पदाधिकारी नेमला जातो.

एकोणिसाव्या शतकात शाळाप्रवेश आणि निर्वाहवेतन यांसाठी देणगीदारांचे मतदान घेतले जाई. अधिक देणगी देणाऱ्यास अधिक मते मिळत. त्यामुळे खऱ्या गरजेपेक्षा ओळखीपाळखीला महत्त्व येते, अशी टीका त्या काळच्या सुधारकांनी अशा सर्वच संस्थांवर केली. मदत प्रामुख्याने सभासदांच्या कुटुंबांपुरती राहते, हा फ्रीमेसनांवरील दुसरा आक्षेप होता. १९८० च्या दशकात कार्यरत झालेल्या ग्रँड चॅरिटीने सभासदांबरोबरच रुग्णशुश्रूषागृहे, आपद्‌ग्रस्तांसाठीची मदत आणि अन्य सार्वजनिक कार्यांनाही अनुदाने दिली. १ एप्रिल २०१६ रोजी चार मध्यवर्ती संस्थांचे कार्य एकत्र करून मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन सुरू झाले.

भारताशी संबंध

ब्रिटिश काळात लॉजचे जाळे भारतातही पसरले. भारतीयांना सभासदत्व मिळावे म्हणून जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज स्थापन केले. माणेकजी करसेटजी हे त्याच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्वतंत्र स्थापना झाली.