दहा, किंग हेन्रीज रोड

2014 सालीं लंडन शहरांत एक जुनें घर विक्रीस निघालें. चार मजल्यांचें, एकास एक लागून असलेल्या घरांच्या ओळींतलें, बाहेरून पाहिल्यास शेजारच्या घराहून मुळींच वेगळें न वाटणारें. घरें रोज विकलीं जातात. त्यांत लिहिण्यासारखें तें काय, असें वाचकांस वाटेल. परंतु या घराचे पैसे पुढें भरले ते महाराष्ट्र शासनानें, म्हणजे गोंदियाजवळच्या मुर्रीपासून मालवणपर्यंतच्या सर्व करदात्यांनीं मिळून. पत्ता होता 10, किंग हेन्रीज रोड. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर विद्यार्थी असतां 1921-22 सालीं तेथें राहत होते.

प्रथम त्या वस्तीविषयीं थोडेंसें. प्रिमरोज हिल या टेकडीच्या अंगचा हा भाग पूर्वीं ईटन येथील सुप्रसिद्ध विद्यालयाच्या मालकीची शेतजमीन होता. विद्यालयाचा संस्थापक सहावा हेन्री राजा; रस्त्याला नांव पडलें तें त्याचेंच. 1837 सालीं लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणारी रेल्वे येथील बोगद्यांतून धांवूं लागली, आणि पुढें शेतें जाऊन घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. बांधणारांची दृष्टि होती नोकरचाकर बाळगणाऱ्या सुखवस्तु कुटुंबांवर. परंतु इंजिनांचा धूर असल्या दृष्टीची पर्वा करीत नाहीं. भिंती काळवंडल्या; मोठ्या घरांचे मजले वेगळे झाले, मजल्यांच्या खोल्या झाल्या, आणि खोल्यांत भाडेकरू आले. 1960 नंतरच्या दशकांत वाफेचीं इंजिनें जाऊन विजेच्या गाड्या आल्या, तसा धूर हटला व त्याच भिंतींना पुन्हां रंग चढला. ज्या वस्तींत एके काळीं तुटपुंज्या पैशांचा विद्यार्थी खोली घेऊं शके, तेथें एका घराची किंमत 2014 च्या सुमारास 31 लक्ष पौंडांच्या घरांत गेली होती.

हा विद्यार्थी लंडनला दुसऱ्यांदा आला होता. पहिल्या वेळीं, 1917 मध्यें, बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें अभ्यास अर्धवट टाकून त्यास परतावें लागलें होतें. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यानें पैसा सांठविला; कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं साहाय्य केलें, नवल भथेना या पारशी मित्रानें पांच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि 1920 च्या जुलैंत तो पुन्हां जहाजावर चढला. त्या दिवसांचें धनंजय कीर यांनीं चरित्रांत केलेलें वर्णन वाचतांना पोटांत तुटतें. सकाळीं पावाचा एखादा तुकडा व मासळीचा लहानसा तुकडा खाऊन ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयाची वाट धरावयाची, तें बंद होईतों बसावयाचें, आणि रात्रीं भूक अनावर झाली म्हणजे ओळखीच्या एका हिंदी गृहस्थानें दिलेल्या पापडांपैकीं चार पापड भाजून ते पेलाभर दुधाबरोबर खावयाचे! इकडे मुंबईस, परळच्या चाळींत, रमाबाई मुलांसह संसार ओढीत होत्या. 1921 मध्यें एम्. एस्सी.ची पदवी मिळाली, 1922 च्या जूनमध्यें ग्रेज इनमधून बॅरिस्टरी; आणि रुपयाच्या प्रश्नावरील ज्या प्रबंधानें पुढें डी. एस्सी. मिळवून दिली, तोही याच काळांतला.

परंतु या घराचें महत्त्व केवळ पदव्यांवरून ठरवूं नये, असें आम्हांस वाटतें. तें समजण्यास लंडनमधून चारपांच वर्षें मागें, बडोद्यास जावें लागेल. 1917 सालीं आंबेडकर तेथें सरकारी नोकरीवर रुजू झाले ते कोलंबिया विद्यापीठांतून शिकून आलेले पदवीधर म्हणून. राजाच्या नोकरींत असलेल्या या विद्वानास सबंध शहरांत राहावयास जागा मिळेना. शेवटीं पारशी नांव नोंदवून एका पारशी धर्मशाळेंत ते दीड रुपया रोजानें राहिले. अकराव्या दिवशीं दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचें फर्मान देऊन गेले. एक हिंदु मित्र, एक ख्रिस्ती मित्र. दोघांचीं दारें त्यांनीं ठोठावलीं, आणि दोघांच्याही सबबी निघाल्या. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनीं कामाठी बागेंत बसून काढला. आतां लंडनची खोली पाहा. तेथें ऊब नव्हती, पोटभर जेवण नव्हतें. परंतु भाडें भरलें कीं किल्ली मिळत होती, व जातीची चौकशी कोणी करीत नव्हतें. परक्या वर्णाच्या माणसाला लंडनमध्येंही दारें बंद होत, हें आम्ही विसरत नाहीं. तरीही या एका माणसाच्या आयुष्यांत बडोद्याची धर्मशाळा व हें घर हीं शेजारी शेजारी मांडल्यावांचून त्याचा इतिहास पुरा होत नाहीं.

घर विक्रीस निघाल्याचें कळतांच ब्रिटनमधील आंबेडकरानुयायांनीं तें भारतानें घ्यावें म्हणून खटपट सुरू केली. महाराष्ट्र शासनानें 2015 मध्यें खरेदी पूर्ण केली, आणि 14 नोव्हेंबर 2015 रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें तेथील स्मारकाचें उद्घाटन झालें. लंडनमध्यें मराठी माणसांच्या खुणा आणखीही आहेत. हाउली प्लेस येथील ज्या घरांत लोकमान्य टिळक 1918-19 मध्यें राहिले त्यावर, आणि हायगेट येथें सावरकर राहत असलेल्या इंडिया हाउसवर निळी तबकडी आहे. परंतु तबकडी लावणें निराळें, आणि घर विकत घेणें निराळें. घर घेतलें कीं त्याबरोबर शेजारीही येतात.

ते आलेच. राहतें घर संग्रहालयाच्या कामीं लावण्यास कॅम्डेन येथील स्थानिक नगरसंस्थेची परवानगी लागते. ती 2018 मध्यें मागितली असतां नाकारली गेली. कारण दिलें तें असें कीं, राहण्याच्या उपयोगाची जागा यामुळें कमी होते. येणाऱ्या मंडळींचा गलबला होतो, अशी कांहीं शेजाऱ्यांचीही तक्रार होती. आपल्याकडे यावर बराच संताप व्यक्त झाला. आम्हांस मात्र नगरसंस्थेचें कारण हंसण्यावारी नेण्यासारखें वाटत नाहीं. ज्या शहरांत राहावयास जागा नाहीं तेथें एक घर कमी होणें हें नुकसानच, आणि हें मुंबईकरास कोणी शिकवावयास नको. प्रश्न इतकाच कीं, घराचा उपयोग म्हणजे केवळ त्यांत कोणी निजणें काय? सप्टेंबर 2019 मध्यें जाहीर चौकशी झाली. मार्च 2020 मध्यें ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यानें अपील मान्य केलें, आणि संग्रहालय राहिलें. निकाल योग्य झाला असें आमचें मत आहे. मात्र आंतील सजावटीविषयीं एक शंका उरते. पुतळे, तसबिरी आणि नीट मांडून ठेवलेली खोली पाहून, चार पापडांवर रात्र काढणारा भाडेकरू पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कितपत उभा राहत असेल?

तो पाहावयाचा तर परळला जावें. 1896 च्या प्लेगनंतर मुंबई सुधारण्यासाठीं 1898 मध्यें जो इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यानें बांधलेल्या चाळींपैकीं एकींत, दुसऱ्या मजल्यावर, 50 व 51 क्रमांकांच्या खोल्या होत्या. 1912 पासून 1934 पर्यंत, परदेशचा काळ वगळतां, आंबेडकरांचें बिऱ्हाड येथेंच. एका खोलींत संसार, दुसरींत पुस्तकें. शाहू महाराज त्यांच्या भेटीस आले ते येथें. महाडचा 1927 चा सत्याग्रह आणि गोलमेज परिषदेची तयारी झाली तीही येथूनच. भोंवतालचें परळही पालटलें. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. किंग हेन्रीज रोडवर धूर हटून श्रीमंती आली, तशी येथेंही आली.

1933 मध्यें ट्रस्ट महापालिकेंत विलीन झाला व चाळी तिच्याकडे गेल्या. पुढल्याच वर्षीं बाबासाहेब दादरच्या हिंदु कॉलनींत, मुख्यतः पुस्तकांसाठीं बांधलेल्या राजगृहांत राहावयास गेले. परळच्या त्या दोन खोल्यांत मागाहून दुसरे भाडेकरू आले.