शास्त्रज्ञ खरंच किती मोठा? सायटेशन आणि एच-इंडेक्स मोबाईलवर असं तपासा

मागच्या उन्हाळ्यात मी गावी, तळेघरला गेलो होतो. घरात रेंज येत नाही, म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात मोबाईल धरून बसलेलो. तेवढ्यात वहिनीने व्हॉट्सॲपवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. कोट घातलेले एक गृहस्थ, नावाखाली 'जगप्रसिद्ध मेंदूशास्त्रज्ञ, 500 रिसर्च पेपर', आणि हातात स्मरणशक्ती वाढवणारी पावडर. किंमत 1,800 रुपये. पुतण्या दहावीला, त्यामुळे वहिनी पैसे पाठवायच्या तयारीतच होती.

"भाऊजी, यवढा मोठा डॉक्टर सांगतोय, खोटं कसं आसंल?"

प्रश्न बरोबर होता. मोठा आहे की नाही, हे तपासायचं कसं? तेच आज आपण पाहूया.

पेपर आणि सायटेशन म्हणजे काय?

शास्त्रज्ञ आपलं संशोधन जर्नलमध्ये छापतात, त्याला पेपर म्हणतात. छापण्याआधी त्याच विषयातले दुसरे तज्ज्ञ तो तपासतात. पुढे कुणी आपल्या पेपरमध्ये त्याचा उल्लेख केला, की ते झालं एक सायटेशन.

खरं उदाहरण घेऊ. डॉ. शुभा टोळे या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, मेंदू कसा घडतो याचा अभ्यास करतात. त्यांना 2010 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि 2014 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांच्या टीमचा एक पेपर 2008 साली 'सायन्स' या जर्नलमध्ये आला. एलएचएक्स2 नावाचं जनुक वाढत्या मेंदूतल्या पेशींना 'तू कॉर्टेक्स हो' असं ठरवून देतं, हे त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं. हे जनुक नसेल तर त्या पेशी वेगळ्याच वाटेला लागतात.

या पेपरवर पहिलं नाव मंगळे यांचं आहे, टोळे यांचं शेवटून दुसरं. जीवशास्त्रात बहुतेक वेळा प्रयोगाचं मुख्य काम करणाऱ्याचं नाव पहिलं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांची नावं शेवटी असतात. त्यामुळे नाव शेवटी दिसलं म्हणून काम कमी, असं समजू नका.

मोबाईलवर कसं शोधायचं?

1. ब्राउझरमध्ये गूगल स्कॉलर उघडा. ॲप लागत नाही, पैसेही लागत नाहीत.
2. शास्त्रज्ञाचं नाव आणि विषय इंग्रजीत टाका.
3. सायटेशन मिळालेल्या पेपरखाली 'सायटेड बाय' आणि एक आकडा दिसेल. तेवढ्या ठिकाणी त्याचा उल्लेख झालाय.
4. आरोग्य किंवा मेंदूचा विषय असेल तर पबमेडवरही शोधा. तिथे पेपरचा सारांश फुकट वाचता येतो.

एकाच नावाची अनेक माणसं असतात, म्हणून संस्था कोणती तेही बघा.

एच-इंडेक्स म्हणजे काय?

2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप सुचवलं. समजा एकीचे पाच पेपर आहेत आणि त्यांना 40, 18, 6, 4 आणि 1 सायटेशन मिळालेत. किमान 4 सायटेशन असलेले पेपर 4 आहेत, पण किमान 5 असलेले 5 नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 4. स्कॉलरवर आय10 हाही आकडा दिसतो. दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर किती, एवढंच तो सांगतो. इथे तो 2.

आकडा मोठा म्हणजे खरं, असं आहे का?

नाही! अल्झायमरवरचा 2006 सालचा 'नेचर'मधला एक पेपर दोन हजारांहून जास्त वेळा सायट झाला. पुढे त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार झाल्याचं समोर आलं आणि 2024 मध्ये तो मागे घेतला गेला. सायटेशन म्हणजे चर्चा किती झाली, याचा आकडा. टीका करणाऱ्याचं सायटेशनही त्यात मोजलं जातं. शिवाय एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतच जातो, त्यामुळे तरुण संशोधकाची तुलना साठीतल्या प्राध्यापकाशी करू नका. आणि गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकंही मोजतं, म्हणून तिथला आकडा इतर ठिकाणांपेक्षा मोठा दिसतो.

मग आकड्याआधी तीन गोष्टी बघा: पेपर त्याच विषयावर आहे का, प्रयोग माणसांवर झालाय की उंदरांवर, आणि पेपर मागे तर घेतलेला नाही ना. मागे घेतला असेल तर पबमेडवर तशी ठळक सूचना असते.

वहिनीचं काय झालं?

आम्ही दोघांनी अंगणात बसूनच ते नाव शोधलं. त्या नावाने थोडे पेपर सापडले, सगळे पिकांच्या रोगांवरचे. मेंदूवर एकही नाही. पावडरच्या डब्यावरची यादी झूम करून पाहिली, तर पहिलंच नाव हिरडा. वहिनी हसायलाच लागली. "आपणच रानातून गोळा करून इकायचा, आन् परत त्योच यवढ्याला घ्यायचा व्हय?"

1,800 रुपये वाचले. पुतण्या आता असे व्हिडिओ आले की आधी स्वतःच नाव शोधतो. तुमच्याही ग्रुपवर असा कुणी 'जगप्रसिद्ध' आला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटं काढून एवढं नक्की तपासा.