कापूस आणि द्रवरूप मीठ

अकोटच्या बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या राहिल्या म्हणजे भावाची चर्चा सुरू होते. कापूस हा पदार्थ मुळात आहे तरी काय, असे तेथे कोणी विचारीत नाही. वऱ्हाडची सुबत्ता आणि विवंचना मात्र याच पदार्थावर तोललेली आहे. म्हणून त्याचा एक हट्टी स्वभाव व तो हट्ट मोडणारे द्रव यांचा वृत्तान्त आम्ही येथे देत आहो.

सरकी काढलेल्या रुईत नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज या साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ होय. परंतु साखर पाण्यात विरते, रुई विरत नाही. तेल व मद्यार्क यांचीही तिच्यापुढे मात्रा चालत नाही. या माळा हायड्रोजन-बंधांनी एकमेकींस जखडलेल्या असतात. ज्या गुणामुळे आपले धोतर शंभर धुण्यांत टिकते, तोच गुण रसायनज्ञास आडवा येतो.

उपाय निघाला तो मिठांतून. स्वयंपाकघरातील मीठ वितळण्यास ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. १९१४ साली पॉल वाल्डेन यांनी १२ अंशांवरच वितळणाऱ्या एका लवणाचे वर्णन केले. अशा लवणांस आज आयनी द्रव म्हणतात. १९३४ साली चार्ल्स ग्रेनाखर यांस अमेरिकेत पेटंट मिळाले. वितळलेल्या पिरिडिनियम लवणांत सेल्युलोज विरते, हा त्याचा आशय. दोन्ही शोध दीर्घकाळ उपेक्षित राहिले. १९९२ साली विल्क्स व झावोरोत्को यांनी हवेत व पाण्यात टिकणारे आयनी द्रव तयार केले, आणि २००२ साली रॉबिन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका लवणात सेल्युलोज विरघळवून दाखविले. लवणातील क्लोराइड माळांमधील बंध सोडवितो.

माळा मोकळ्या झाल्या, की उत्प्रेरकास वाव मिळतो. स्वतः न खपता क्रियेचा वेग वाढवितो तो उत्प्रेरक. २००७ साली चीनमधील ली व झाओ यांनी अशा द्रवात थोडे आम्ल घालून सेल्युलोजपासून साखर मिळविली. कित्येकदा तर द्रवरूप लवण हेच उत्प्रेरक होते. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले व मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे २००९ ते २०१९ या काळात कुलगुरू असलेले प्रा. गणपती यादव यांनी फॉस्फोनियम जातीच्या लवणांचा असा उपयोग अभ्यासिला आहे. परस्परांत न मिसळणाऱ्या दोन थरांमध्ये हे लवण नावाड्यासारखे ये-जा करून दोहोंतील पदार्थांची गाठ घालून देते.

मग अकोटच्या शेतकऱ्यास यातून काय मिळणार? रुईची साखर करणे हा वेडेपणा ठरेल. रुईस साखरेहून अधिक मोल आहे. विचार करावयाचा तो पऱ्हाटीचा. वेचणी संपल्यावर ती चुलीत जाते किंवा धुऱ्यावर जळते. तिच्यातही सेल्युलोज आहे. मात्र ते लिग्निनाने वेढलेले असल्याने काम अधिक अवघड. शिवाय हे द्रव महाग आहेत, व जवळजवळ सर्व परत मिळाल्यावाचून हिशेब जुळत नाही. ते वाफ होऊन उडत नाहीत, म्हणून निरुपद्रवी समजणेही चूक. त्यांतील काही जलचरांस विषारी आहेत.

तेव्हा आम्ही कोणास आशेच्या झुल्यावर बसवू इच्छीत नाही. वाल्डेन यांचे लवण कित्येक दशके ग्रंथांत पडून होते; उपयोग दिसत नव्हता म्हणून ते ज्ञान खोटे ठरले नाही. इतकेच म्हणतो, की पऱ्हाटीस काडी लावताना आपण काय जाळीत आहो, हे वऱ्हाडास ठाऊक असावे.